झेड फोरमधला तेलाचा वास: एक की दोन?

प्रश्न : मी नेरूळला राहतो. दोन वर्षांपूर्वी २०११ची बीएमडब्ल्यू झेड फोर, थर्टी फाइव्ह आय, सेकंड हँड घेतली. रोज चालवत नाही. रविवारी सकाळी छत उघडून पाम बीच रोडने बेलापूर ते वाशी, एवढीच हौस. पावसाळा संपल्यापासून गाडीत तेलाचा वास येतोय, पण दर वेळी नाही. वाशीला सिग्नलला थांबलो की येतो, कधी छत उघडं असताना मागून येतो. सकाळी गाडी सुरू करताना अजिबात नसतो. पार्किंगच्या फरशीवर तेलाचा एक थेंब नाही. एक गॅरेज म्हणालं, जुनी गाडी आहे, वास यायचाच. दुसऱ्याने इंजिन उतरवून सगळी पॅकिंग बदलायचं एस्टिमेट दिलंय. मध्ये एकदा स्क्रीनवर ऑइल कमी असल्याचा मेसेज आला, तेव्हा एक लिटर टाकलं. नववीतल्या मुलीला या वासाने मळमळतं, ती आता गाडीत बसत नाही. बायको म्हणते, विकून टाका. काय करू?

उत्तर : आधी मुलीचं. तिला मळमळतंय, तेव्हा कारण सापडेपर्यंत छत बंद करून तिला फिरवू नका. जळक्या तेलाचा धूर श्वासात जाणं वाईट आहेच, पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती सायलेन्सरच्या लाइनमध्ये एखादा जोड फुटलेला असण्याची. तसं असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो आणि त्याला वास नसतो. तो आत आला तर डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. म्हणून गाडी लिफ्टवर चढेल तेव्हा पहिली दहा मिनिटं एक्झॉस्टच्या जोडांसाठी ठेवायला सांगा. जोडाभोवती काळी काजळी दिसली तर आधी ते काम, मग बाकीचं. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून वास शोधत बसू नका. आणि कधी वास तेलाऐवजी पेट्रोलचा वाटला तर गाडी बाजूला घ्या, बंद करा आणि टो करून न्या. पेट्रोलच्या वासाचा तपास गाडी चालवून करायचा नसतो.

आता गॅरेजवाल्यांचं. जुन्या गाडीला वास यायचाच, हे मला मान्य नाही. पंधरा वर्षांच्या गाडीत चामड्याचा, रबराचा, थोडा दमट कोंदट वास येईल, ते समजू शकतो. जळक्या तेलाचा वास येतोय म्हणजे तेल बाहेर येऊन गरम धातूवर पडतंय, किंवा धूर होऊन सायलेन्सरमधून जातंय. दोन्हीला कारण असतं आणि ते शोधता येतं. दुसऱ्या गॅरेजचं एस्टिमेट खरंही निघेल कदाचित, पण तेल नेमकं कुठून येतंय हे त्यांनी तुम्हाला दाखवलेलं नाही. ओला भाग डोळ्यांनी दाखवल्याशिवाय इंजिनाला हात लावू देऊ नका. या इंजिनातल्या बहुतेक गळत्या इंजिन गाडीत ठेवूनच दुरुस्त होतात. अगदी खालच्या चेंबरचं, म्हणजे तेल साठतं त्या भांड्याचं, पॅकिंग बदलायचं झालं तरी सहसा इंजिन वरून टांगून धरतात आणि पुढचा सबफ्रेम, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ती चौकट, खाली उतरवतात. काम मोठं आहे, पण ते इंजिन उतरवणं नव्हे.

तुमच्या पत्रात मला जास्त खटकलं ते वेगळंच आहे. सिग्नलला थांबल्यावर येणारा वास आणि छत उघडं असताना मागून येणारा वास, हे दोन्ही तुम्ही एकच धरून चालला आहात. माझ्या मते हे दोन वेगळे वास असण्याची शक्यता बरीच आहे. एकाचा उगम बॉनेटखाली असेल आणि दुसऱ्याचा डिकीत किंवा सायलेन्सरच्या तोंडाशी. दोघांची एकत्र तक्रार केली की मेकॅनिक एक कारण शोधतो, ते अर्धंच जुळतं, आणि मग ‘जुनी गाडी’ किंवा ‘सगळंच बदला’ यापैकी एक उत्तर मिळतं. म्हणून आधी हे दोन वास वेगळे करायचे. त्यासाठी नाकापेक्षा घड्याळ जास्त कामाला येतं. वास कसा आहे हे सांगताना माणूस चुकतो, कधी आला हे सांगताना फारसा चुकत नाही. पुढच्या काही फेऱ्यांत प्रत्येक वेळी मोबाइलवर एवढंच टिपून ठेवा : इंजिन गार होतं की तापलेलं, गाडी उभी होती की धावत होती, छत उघडं की बंद, आणि एसीची हवा बाहेरून येत होती की आतलीच फिरत होती.

सिग्नलचा वास आधी घेऊ. केबिनमध्ये ताजी हवा येते ती पुढच्या काचेच्या तळाशी असलेल्या जाळीतून, म्हणजे बॉनेट संपतं तिथून. गाडी धावत असते तेव्हा बॉनेटखालची गरम हवा खाली आणि मागे निघून जाते. बेलापूरहून वाशीपर्यंत दहाएक किलोमीटर मोकळ्या रस्त्याने आलात, टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या गरम वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारे पंखे, तापलेले आहेत, आणि गाडी थांबली. आता ती हवा वर चढते, बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर येते आणि एसीचा पंखा ती सरळ आत ओढतो. सकाळी गाडी सुरू करताना वास नसतो, कारण तेव्हा तेल जाळण्याइतकं काही तापलेलंच नसतं. तुम्ही दिलेली वेळ या चित्रात तंतोतंत बसते.

खात्री अशी करा. गाडी चांगली फिरवून आणा आणि उघड्यावर उभी करा. छत आणि काचा बंद, इंजिन चालू, पंखा मध्यम, हवा बाहेरून घ्यायच्या बटणावर. दोन-चार मिनिटांत वास आला की हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबा. वास ओसरला तर उगम बॉनेटखाली आहे. तसाच राहिला किंवा वाढला तर तो केबिनमध्ये किंवा डिकीत आहे. या चाचणीला खर्च काही नाही, आणि गॅरेजमध्ये तुमचं म्हणणं एकदम पक्कं होतं.

फरशीवर थेंब नाही म्हणजे गळती नाही, हा समज काढून टाका. तुमच्या गाडीत तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं इंजिन आहे. टर्बोचं गरम घर आणि त्यालगतचा एक्झॉस्ट जोरात चालवल्यावर कित्येकशे अंशांपर्यंत तापतो. तिथे दिवसाला दोन-तीन थेंब पडले तर ते खाली पोहोचतच नाहीत, जागेवरच जळतात. जे वाचतं ते गाडीच्या पोटाखालच्या प्लास्टिकच्या कव्हरवर साठतं. त्या कव्हरला आतून फेल्टसारखं अस्तर असेल तर ते तेल पिऊन बसतं. लांबच्या ड्राइव्हनंतर कढई तशीच गॅसवर राहून गेल्यासारखा जो करपट वास येतो, तो याच थेंबांचा. फरशी स्वच्छ राहते आणि केबिनमध्ये वास येतो, दोन्ही एकाच वेळी.

बॉनेटखाली पहिला संशय टॅपेट कव्हरच्या पॅकिंगवर. इंजिनाच्या डोक्यावरचं ते झाकण प्लास्टिकचं आहे आणि त्याखालचं पॅकिंग रबराचं. इतक्या वर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं, दबून चपटं होतं, आणि तेल पाझरायला लागतं. शंभर-एकशेदहा अंशांवर चालणारं तेल, त्यात ठाणे-बेलापूर रोडचं ट्रॅफिक आणि मे महिन्यातली दुपार. रबर वयापेक्षा आधी म्हातारं होतं यात नवल नाही. एक्झॉस्टच्या बाजूने पाझरलं की थेंब थेट गरम भागावर. त्यातही मागचा कोपरा, केबिनच्या भिंतीजवळचा, सगळ्यात लबाड. तो वरून दिसत नाही. तिथे आरसा घालावा लागतो, किंवा मोबाइलचा फ्लॅश लावून व्हिडिओ काढत फोन खाली सरकवावा लागतो. गॅरेजमध्ये बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, असेल तर उत्तमच.

पण नुसतं पॅकिंग बदलून काम संपत नाही, आणि पुढची गोष्ट नीट वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात. इंजिनात पिस्टनच्या खाली थोडा वायू सतत उतरत असतो. तो परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा आत घ्यायच्या वाटेत, ओढून घेण्यासाठी जी व्यवस्था असते तिला पीसीव्ही किंवा ब्रीदर म्हणतात. तुमच्या इंजिनात तिचा मुख्य भाग टॅपेट कव्हरमध्येच आहे. ती तुंबली की इंजिनाच्या पोटात दाब वाढतो आणि तो दाब जिथे कमजोर रबर असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. अशा वेळी नवं पॅकिंग घातलं की काही महिने बरं वाटतं आणि मग तेल दुसऱ्या एखाद्या सीलमधून यायला लागतं. मालक म्हणतो गॅरेजने फसवलं, गॅरेज म्हणतं गाडीच तशी आहे. खरं कारण मात्र तुंबलेल्या ब्रीदरमध्ये बसलेलं असतं. म्हणून आधी पीसीव्ही तपासून घ्या आणि तसं जॉब कार्डवर लिहून घ्या. टॅपेट कव्हर तापून वाकडं झालंय किंवा त्याला बारीक तडा आहे असं दिसलं, तर अख्खं कव्हर नवं घेणं शेवटी स्वस्त पडतं. वाकड्या कव्हरखाली नवं पॅकिंग टिकत नाही. आणि बोल्ट ठरवलेल्या टॉर्कलाच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच, आवळायला सांगा. जास्त आवळलं की प्लास्टिक तडकतं, आणि असं होताना मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

दुसरा संशय ऑइल फिल्टर हाउसिंगच्या पॅकिंगवर. ते इंजिनाच्या पुढच्या भागात, एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला आहे. त्यामुळे इथल्या गळतीचा जळका वास कमी येतो. पण ती अंगावर काढू नका. इथलं तेल खाली इंजिनासमोरच्या पट्ट्यावर पडतं, पट्टा भिजून घसरतो किंवा फाटतो, आणि त्याचे तुकडे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या ऑइल सीलमध्ये ओढले गेल्याची उदाहरणं या इंजिनाच्या बाबतीत सगळीकडे ऐकायला मिळतात. पट्ट्यावर किंवा पुलीवर तेल दिसलं तर वासाचा शोध नंतर, हे काम आधी.

तिसरी जागा टर्बोची. प्रत्येक टर्बोला तेल आणणारी आणि परत नेणारी नळी असते. त्यांचे जोड गाडीखालून, कव्हर काढूनच दिसतात. घाईत पाहणारा मेकॅनिक इथे पोहोचतच नाही.

शोधायची पद्धत जुनी आहे आणि तीच बरोबर आहे. आधी इंजिन डिग्रीझरने हाताने पुसून स्वच्छ करायचं. प्रेशरचा पाण्याचा फवारा नको, कॉइल आणि वायरिंगमध्ये पाणी गेलं की नवं दुखणं. मग गाडी थोडी फिरवून आणून परत बघायचं. तेल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे सगळ्यात जास्त ओलं दिसणारं ठिकाण हा उगम नसतो. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा. तरीही नक्की होत नसेल तर तेलात मिसळायची चमकणारी डाय मिळते. ती टाकून शंभर-दोनशे किलोमीटर चालवायचं आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा. गळती पिवळी-हिरवी चमकते आणि वाद संपतो.

हे सगळं करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा : पावसाळ्याच्या आगेमागे गाडीवर काय काय काम झालं? वास पावसाळ्यानंतर सुरू झाला असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडे पावसाळ्याआधी अंडरबॉडी कोटिंग मारतात, आणि काही वॉशिंग सेंटरवर खालून डिझेल किंवा तेल मारायची पद्धत अजूनही आहे. गंज धरत नाही म्हणे. कोटिंगचा फवारा सायलेन्सरवर उडाला तर काही आठवडे जळका वास येतो आणि मग आपोआप जातो. डिझेल वॉशचा वास तर प्रत्येक गरम थांब्याला येतो, शिवाय सस्पेन्शनचे रबर बुश फुगून खराब होतात ते वेगळंच. यापैकी काही झालं असेल तर पुढच्या वेळी स्पष्ट नाही म्हणा. तसंच, त्याच सुमारास ऑइल बदललं असेल तर फिल्टर काढताना सांडलेलं तेल खालच्या कव्हरमध्ये साठलेलं असू शकतं. दोन-तीन वाट्या तेल तिथे आरामात मावतं. कव्हर काढून धुतलं की वास संपतो, एक पैशाचा पार्ट लागत नाही. म्हणून खालचं कव्हर पूर्ण काढायला लावा. लिफ्टवर घेतली, टॉर्च मारला, ‘साहेब, काही नाही’, एवढ्यावर ऐकून घेऊ नका.

ऑइल कमी असल्याच्या मेसेजबद्दल. तुमच्या इंजिनाला डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, नाही, सेन्सर आहे. तो आकडा इंजिन तापलेलं आणि गाडी सपाट जागेवर असतानाच खरा मानायचा. पार्किंगच्या उतारावर घेतलेल्या मापावर तेल ओतत राहिलं तर पातळी वर जाते आणि ब्रीदरमधून तेल बाहेर फेकलं जातं. त्यानेही वास येतो. एकदा नीट माप घ्या आणि किलोमीटरसह लिहून ठेवा. एका लिटरवरून काही ठरत नाही, कारण टर्बोचं इंजिन थोडंफार तेल आतूनही खातं. ते किती आणि कसं खातं हे मागून येणाऱ्या वासाशी जोडलेलं आहे.

आता मागून येणारा वास. उघड्या छताच्या गाडीत हवा कशी फिरते हे फार जण लक्षात घेत नाहीत. समोरची काच वारा वर उडवते, काचेमागे दाब कमी होतो, आणि मग हवा डिकीवरून उलटी, मागून पुढे, तुमच्या मानेकडे येते. म्हणून तर सीटमागे ती जाळी लावतात. याचा अर्थ असा की छत उघडं असताना सायलेन्सरच्या तोंडाशी, मागच्या डिफरन्शियलजवळ (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याजवळ) किंवा डिकीत जे काही आहे, त्याचा वास तुमच्यापर्यंत पोहोचतो. बॉनेटखालच्या गळतीचा वास धावत्या गाडीत मागून येणं मात्र कठीण.

इथे मला दोन शक्यता दिसतात. पहिली, इंजिन थोडं तेल जाळतंय आणि निळसर धूर सायलेन्सरमधून निघतोय. टर्बोचे सील किंवा व्हॉल्व्हचे सील थकले की असं होतं, आणि ते सगळ्यात स्पष्ट दिसतं लांब सिग्नलनंतर गाडी उचलताना. एखाद्या मित्राला मागच्या गाडीत बसवा. पाम बीचच्या सिग्नलला मिनिटभर थांबून निघताना त्याने तुमच्या सायलेन्सरकडे बघायचं, व्हिडिओ काढला तर आणखी चांगलं. निळा धूर दिसला तर ऑइलच्या त्या मेसेजचंही उत्तर मिळालं.

दुसरी शक्यता छताची. तुमच्या गाडीचं छत कापडी नाही, ॲल्युमिनियमचे दोन भाग घडी होऊन डिकीत बसतात, आणि वीस सेकंदांत हे सगळं हलवतो तो हायड्रॉलिक पंप. पंप, नळ्या, सिलिंडर, सगळ्यांत तेल असतं, आणि त्यांचे सीलही आता इंजिनाच्या पॅकिंगएवढेच जुने आहेत. या तेलाचा वास जळका नसतो. हलका, रॉकेलकडे झुकणारा असतो, आणि महत्त्वाचं म्हणजे तो गार गाडीतही येतो. त्यामुळे फरक करणं सोपं आहे. गाडी रात्रभर बंद ठेवा, सकाळी इंजिन सुरू न करता डिकी उघडा आणि आत वास घ्या. तिथे वास असेल तर सायलेन्सरचा काही संबंध नाही. मग डिकीचं अस्तर बाजूला करा, पांढऱ्या टिश्यूने पंपाभोवती, नळ्यांच्या जोडांवर आणि सिलिंडरच्या दांड्यांवर पुसा. इंजिनाचं जुनं तेल काळपट उमटतं, हायड्रॉलिकचं पातळ आणि बरंच स्वच्छ. नंतर इंजिन चालू ठेवून, म्हणजे बॅटरी बसणार नाही, छत एकदा उघडून मिटा आणि नव्या टिश्यूने परत पुसा. दुसरा टिश्यू पहिल्यापेक्षा ओला झाला तर गळती सापडली. छत अर्ध्यात असताना मात्र हात आत घालू नका. दाब गेला तर ते कुठेही थांबतं किंवा खाली येतं.

पंपात तेल कमी निघालं आणि कुणी म्हणालं की ब्रेक ऑइल टाकून देतो, तर तिथून गाडी घेऊन निघा. त्याने सगळे सील फुगतात आणि अख्खी सिस्टीम जाते. गाडीच्या पुस्तकात जे हायड्रॉलिक तेल लिहिलंय तेच. तिथे हात घातलाच आहे तर छताच्या कडेच्या पाण्याच्या नाल्याही साफ करून घ्या. नेरूळ-सीवूड्सला झाडांखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत त्या पानांनी तुंबतात, पाणी डिकीत उतरतं, आणि दमट अस्तरात मुरलेलं तेल दुप्पट वास मारतं. वास पावसाळ्यानंतरच का सुरू झाला, याचं हेही एक उत्तर असू शकतं.

आणखी एक गोष्ट, तुमच्या भागातली म्हणून. तुर्भे-कोपरखैरणेच्या एमआयडीसी पट्ट्यातून उघड्या छताने जाताना आलेला वास तुमच्या नोंदीत धरू नका. पुढे जाणाऱ्या डंपरचा धूरही गाडीत तसाच भरतो. चाचणी सकाळी लवकर, मोकळ्या रस्त्यावर, आणि शक्यतो तोच रस्ता उलट दिशेनेही करा. वास ठरावीक जागेवर येत असेल तर तो रस्त्याचा, ठरावीक परिस्थितीत येत असेल तर गाडीचा.

गॅरेज बदलायचं असेल तर ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला आणि इकडे तुर्भ्याला या प्रकारच्या गाड्यांवर स्वतंत्रपणे काम करणारे लोक आहेत. नाव मी सुचवणार नाही, पण निवड कशी करायची ते सांगतो. तक्रार सांगितल्यावर जो लगेच पार्टचं नाव घेतो त्याच्याकडे नको. वास कधी येतो, छत कसं असतं, शेवटचं काम काय झालं, हे जो विचारतो त्याच्याकडे गाडी द्या. जॉब कार्डवर ‘तेलाचा वास’ एवढंच लिहू नका. ‘तापलेल्या इंजिनाला, उभ्या गाडीत, बाहेरची हवा चालू असताना जळका वास’ ही एक तक्रार, आणि ‘छत उघडं असताना धावत्या गाडीत मागून वास’ ही दुसरी. दोन ओळी, दोन तपास, दोन वेगळी एस्टिमेट. तपासणीचे पैसे वेगळे द्यायची तयारी दाखवा. नुसतं शोधायचे पैसे मिळत नाहीत म्हणूनच बरेच मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलतात, हे मी त्यांच्या बाजूनेही सांगतो.

विकायचं का? आत्ता नको. वास असलेली गाडी बघायला येणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत भाव पाडतो, आणि गळती कुठे आहे हे माहीत नसल्यामुळे तुमच्याकडे त्याला उत्तर नसतं. शिवाय गाडी २०११ची, म्हणजे पंधरा वर्षांच्या नोंदणीची मुदत आली. आरटीओकडून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं तर गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि तिथे तेलाने माखलेलं इंजिन घेऊन जाण्यात अर्थ नाही. आधी तपास करा. टॅपेट कव्हर, ब्रीदर आणि छताच्या एखाद्या नळीवर प्रकरण मिटलं तर ही गाडी ठेवण्यासारखी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. इतकं गोड इंजिन मागचं चाक फिरवणाऱ्या दोन सीटच्या उघड्या गाडीत आपल्याकडे फार मिळत नाही. टर्बोच थकलेले निघाले तर मात्र हिशोब वेगळा. तेव्हा घरी बसून शांतपणे ठरवा, बायकोचं म्हणणं तेव्हा जास्त वजनदार असेल.

तोवर गाडीत अत्तराची बाटली किंवा कापूर ठेवू नका, वास झाकला की तपास थांबतो. एक किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक सीटजवळ ठेवा, डिकीत नको, कारण लागेल तेव्हा डिकीपर्यंत जायला वेळ नसतो. धूर दिसला तर थांबा, इंजिन बंद करा, बाहेर पडा आणि बॉनेट एकदम उघडू नका.

दुरुस्तीनंतर पहिल्या काही फेऱ्यांत वास येईल. एक्झॉस्टवर आणि उष्णता अडवणाऱ्या अस्तरात बसलेलं जुनं तेल जळून जायला वेळ लागतो, त्याने घाबरू नका. केबिनचा फिल्टर त्याच वेळी नवा टाका, जुना वास धरून ठेवतो. वास दर फेरीला कमी होत गेला पाहिजे. दोन-तीन आठवड्यांनी होता तेवढाच असेल तर गाडी परत लिफ्टवर घ्या, आणि त्या वेळी तुमची मोबाइलवरची नोंद आणि दोन्ही टिश्यूंचे फोटो मलाही पाठवा.